‘डिलॅपिडेटेड’ आणि ‘डेरेलिक्ट’ यांत फरक काय?

गिरगावातल्या टेकू लावलेल्या एखाद्या चाळीबद्दल इंग्रजीत लिहिताना कुणी ‘डिलॅपिडेटेड’ म्हणतो, कुणी ‘डेरेलिक्ट’. पडझड दोन्हींत आहे. मात्र पहिले विशेषण इमारतीची अवस्था सांगते आणि दुसरे तिला माणसांनी सोडून दिले आहे असे सांगते.

डिलॅपिडेटेड म्हणजे मोडकळीस आलेली. वास्तू कधीकाळी धड होती आणि देखभालीअभावी या थराला आली, हे त्यात गृहीत असते. पहिल्या दिवसापासूनच कशीबशी उभी असलेली पत्र्याची शेड असेल तर तिला ‘रॅमशॅकल’ अधिक शोभते. इंग्लंडच्या भाडेकायद्यात ‘डिलॅपिडेशन्स’ अशी संज्ञाच आहे. करारात ठरलेली डागडुजी भाडेकरूने केली नाही, तर जागा सोडताना मालक त्याच्याकडे भरपाई मागतो. मोडकळीमागे कुणाची तरी जबाबदारी चुकलेली असते, हा अर्थ या शब्दाला चिकटलेला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

डेरेलिक्टचा जुना अर्थ समुद्रावरचा. परतण्याचा विचार आणि जहाज वाचण्याची आशा, दोन्ही सोडून खलाशांनी भर समुद्रात टाकून दिलेले जहाज म्हणजे डेरेलिक्ट. १९८२च्या संपानंतर बंद पडलेल्या आणि पुढे झाडोरा माजलेल्या मुंबईतल्या गिरण्यांना हे विशेषण चपखल बसते. पण ज्या चाळीत संध्याकाळी दिवे लागतात, गॅलरीत कपडे वाळत असतात, तिला डेरेलिक्ट म्हटले की तिथे राहणारी कुटुंबे वाक्यातूनच नाहीशी होतात. ही चूक मला साधी वाटत नाही.

काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, पाहा. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून १८६०च्या दशकात ते उभारले. १८९६मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती तिथेच दाखवल्या गेल्या. २००५मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, त्यानंतरही आत वकिलांची कार्यालये चालूच होती. तेव्हा ती निःसंशय डिलॅपिडेटेड होती. २०१९मध्ये ती रिकामी करवली गेली. रिकामी झाली म्हणून लगेच डेरेलिक्ट झाली का? माझ्या मते नाही. भाडेकरू आपणहून पाठ फिरवून गेले नव्हते, त्यांना बाहेर काढले होते. अशा वेळी ‘डिलॅपिडेटेड अँड व्हेकेटेड’ लिहावे.

मोडक्या मोटारीला किंवा कुंपणालाही डिलॅपिडेटेड म्हणता येते. डेरेलिक्ट हे नाम म्हणून बेघर माणसासाठीही वापरलेले आढळते, पण ते अपमानकारक आहे, टाळावे. ‘डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी’ म्हणजे कर्तव्यात कसूर, तेही याच कुळातले. उच्चारात डिलॅपिडेटेडचा जोर ‘लॅ’वर येतो, डेरेलिक्टचा ‘डे’वर.