फलकांना नियम का लागले: 'आकाशचिन्ह' या शब्दामागची गोष्ट

पुणे महापालिकेत होर्डिंगची परवानगी देणाऱ्या खात्याचं नाव आहे 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'. हे काव्यमय नाव 'स्काय साइन' या कायदेशीर संज्ञेचं मराठी रूप आहे, आणि ती संज्ञा आली लंडनहून.

लंडनमध्ये अठराव्या शतकापर्यंत दुकानांवर नंबर नसायचे. लोखंडी दांड्याला टांगलेल्या चित्रांच्या पाट्यांवरून दुकान ओळखायचं. या पाट्या दरवर्षी मोठ्या आणि जड होत गेल्या. १७१८ मध्ये तशी एक पाटी भिंतीसकट कोसळून चार जण गेले. तरीही लोंबत्या पाट्या उतरवायला १७६०चं दशक उजाडलं. पुढे जाहिरातींसाठी व्यापाऱ्यांनी गच्च्या गाठल्या, तेव्हा १८९१ मध्ये लंडनसाठी खास 'स्काय साइन्स' कायदा झाला.

तीच कल्पना आपल्याकडे मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३२८ मध्ये आणि राज्यातल्या इतर महापालिकांच्या १९४९च्या कायद्याच्या कलम २४४ मध्ये आहे. इमारतीवर किंवा सांगाड्यावर उभारलेली, रस्त्यावरून पाहताना मागे आकाश दिसेल अशी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. यात फुगे आणि पॅराशूटही मोडतात! साधा ध्वजस्तंभ मात्र सुटतो. त्यावर जाहिरात लावली की तोही अडकतो.

म्हणजे शहर विद्रूप दिसतं ही तक्रार आहेच, पण नियमांचं मूळ कारण पाटी डोक्यावर पडते हे आहे. ते आपण पुन्हा पुन्हा शिकतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतला सांगाडा उतरवताना कोसळला आणि चार जीव गेले. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण दगावले. मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे १२० बाय १२० फुटांचं. क्षेत्रफळ काढलं तर नऊपट.

नियम नव्हता असं कुठेच नव्हतं. प्रश्न होता जागा कोणाची हा. घाटकोपरची जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, आणि आपली परवानगीच नव्हती असं महापालिकेचं म्हणणं. हद्दीचा हा घोळ जुनाच. गंमत म्हणजे आकाशचिन्हाच्या व्याख्येत रेल्वेला सूट आहे, पण ती फक्त रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजाच्या फलकांना, तेही रेल्वेच्याच आवारात आणि रस्त्यावर पडूच शकणार नाहीत अशा जागी असतील तरच.