टप पाडून लांबच्या वाटेला

वऱ्हाडात ‘टप’ शब्दाचे दोन अर्थ चालतात. एसटीच्या डोक्यावर सायकल, कांद्याची पोती आणि प्रसंगी एखादी बकरीही जिथे चढवली जायची, तो टप. आणि टांग्याची किंवा रिक्षाची मागे पाडता येणारी छत्री, तोही टपच. दोन माणसांची, बुटकी, टप मागे पाडता येणारी स्पोर्ट्स कार हिवाळ्यात एखाद्या धाब्यावर थांबली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हिचा टप कोठी हाये, भौ?” दुसरा किमतीचा. किंमत ऐकल्यावर तिसरा प्रश्न सहसा येत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबचं आहे. मोटार जन्मली तीच बिनटपाची. 1888च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेर गाठलं. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं लावून घेतलं. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास म्हणून हाच सांगितला जातो, आणि तो उघड्यावरचा होता. तेव्हा त्यात हौस नव्हती, दुसरी सोयच नव्हती.

पुढची पाव शतकाहून जास्त वर्षं बहुतेक मोटारी उघड्याच राहिल्या. 1920च्या दशकात अमेरिकेत बंदिस्त गाड्या स्वस्त झाल्या आणि चित्र पालटलं. दशक संपेपर्यंत घरची गाडी म्हणजे छत असलेलीच, असं ठरून गेलं. टप पाडून फिरणं ही चैन झाली ती तिथून. छत मिळाल्याशिवाय ते काढावंसं कोणाला वाटणार?

आपल्याकडे हाच प्रवास बैलांच्या मागे झाला. ओझ्याला बंडी, माणसांना रेंगी किंवा दमणी. रेंगी हलकी, दोघां-तिघांपुरती, आणि बसायला अंथरलेला कडबा मुक्कामाला बैलांच्याच पुढे टाकायचा. डिकीतलं सामान वाटेत खाऊन संपवणारी दुसरी गाडी माझ्या माहितीत नाही. तिला जुंपायला वर्धा-आर्वीकडची गवळाऊ जात नावाजलेली : अंगाने हलकी, पायाने चपळ. जुन्या नोंदींत मराठ्यांच्या सैन्याच्या वेगवान वाहतुकीशी या जातीचं नाव जोडलेलं आहे. शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, हौस याच हलक्या गाडीची. पटावर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर 2021मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून तळेगाव दशासरसारख्या गावांतून पुन्हा धुरळा उडू लागला आहे.

स्पोर्ट्स कारची कुळकथाही फार वेगळी नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांनी 1920च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉडी चढवायला सुरुवात केली. त्यातून एमजी आली. दुसऱ्या महायुद्धानंतरची एमजी टीसी म्हणजे 1250 सीसीचं इंजिन, दोघांपुरती जागा आणि वर कापडी टप. इंग्लंडात राहून आलेल्या अमेरिकी सैनिकांना तिची गोडी लागली आणि तिकडे अशा गाड्यांचा बाजार उभा राहिला. 1962ची एमजीबी तर पाच लाखांवर खपली. पण या गाड्या तेल गाळायच्या, पावसात विजेची जोडणी दगा द्यायची, आणि हातात पाना नसेल तर लांब जाऊ नये अशीच त्यांची ख्याती होती. त्यात अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत गेले, उघड्या गाड्यांवर बंदीच येणार अशी हवा झाली. 1976 साली कॅडिलॅकने आपली एल्डोराडो ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप पाडता येणारी गाडी, म्हणून गाजवून विकली. 1980 साली एमजीचा ॲबिंग्डनचा कारखानाही बंद पडला.

मग जपान्यांनी तीच गाडी नव्याने बांधली. फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-5 मांडली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. 1.6 लिटरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत. ढंग जुन्या इंग्रजी गाडीचा, पण किल्ली फिरवली की सुरू होणार आणि टप गळणार नाही. सुट्टीच्या मौजेची दोन माणसांची गाडी हजार किलोमीटरच्या प्रवासाला भरवशाची झाली ती इथे. 2016पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. तिच्या अभियंत्यांचं ब्रीद होतं ‘जिंबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. कासऱ्याच्या हलक्या ओढीवर जोडी वळवणाऱ्या धुरकऱ्याला हे ब्रीद समजावून सांगावं लागणार नाही.

भारतात ती अधिकृतपणे कधी विकायला आलीच नाही. 1990च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची देशी दोन आसनी गाडी निघाली, रेनोचं छोटं इंजिन घेऊन, पण ती रस्त्यावर क्वचितच दिसली. बीएमडब्ल्यूच्या झेड4सारख्या गाड्या आयात होतात. त्यांच्या किमतीत आमच्याकडे शेत येतं. विदर्भातली खरी बिनटपाची मोटार म्हणजे ताडोबा-पेंचची जिप्सी. पहाटेच्या थंडीत ब्लँकेट पांघरून तिच्यात बसायला लोक पैसे मोजतात.

रस्त्यांचं म्हणाल तर देशाच्या रस्त्यांचा पहिला मोठा आराखडा नागपुरातच ठरला. डिसेंबर 1943मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि शेतीने विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावं, असं उद्दिष्ट ठेवून वीस वर्षांची योजना आखली. पण रस्ता आखणं वेगळं आणि काळ्या मातीवर टिकवणं वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराच्या लाटा करते. जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच असलेल्या गाडीचं पोट त्या लाटेवर, नाहीतर गावच्या हौशी गतिरोधकावर, घासल्याशिवाय राहत नाही. म्हणून मोठ्या पल्ल्याची दोन आसनी गाडी ही इथे अलीकडची गोष्ट. जून 2022मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर पसरून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा उघडला, आणि जून 2025मध्ये 701 किलोमीटरचा सगळा मार्ग. समृद्धीवर दुचाकीला मज्जाव आहे. रेंगीचा तर प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर तिथला सरळसोट काँक्रीट रस्ता या गाडीला शोभत नाही. तिचा जीव वळणात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ती काय चीज आहे ते कळतं.

उरतं ऊन. ही गाडी वाढली ती उन्हासाठी आसुसलेल्या मुलखात. अकोल्यात किंवा ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, तेव्हा टप पाडणं म्हणजे लू अंगावर ओढवून घेणं. दुपट्टा बांधूनही भागत नाही. त्यामुळे हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र एवढाच.

आणि नेमका तोच हंगाम कापसाचा. वेचणीला जाणाऱ्या बाया सकाळी मालवाहू गाडीत उभ्यानं, उघड्यावरच जातात. संध्याकाळी कापसाने फुगलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. इतक्या खाली बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर त्या ट्रॉलीचं मागचं फळकुट येतं. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठलेला बरा.