नाक जमलं पण हात नाही: परक्या कातडीची जुनी भानगड

आमच्या गल्लीतल्या काकांची किडनी बसवून बरीच वर्षं झाली, आणि काटोलकडे त्यांच्या नात्यातल्या एका पोराचे दोन्ही हात हायटेन्शन लाईननं गेले तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, "काऊन बे, किडनी बसते तर हात काऊन नाही बसवत?" प्रश्न एकदम बरोबर होता, पण उत्तर द्यायला खूप मागं जावं लागते.

१७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला, आणि तिथं त्याचं नाक आणि एक हात दोन्ही कापले. पुण्याकडे विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासकट छापून आलं. (त्याचं नाव तिथं कावसजी छापलंय, आता मराठा शेतकऱ्याचं नाव कावसजी कसं, ते छापणाऱ्यालाच माहीत.) ते वाचून युरोपातले सर्जन अशी नाकं करायला शिकले. पण हात? तो गेला तो गेलाच. नाक टिकलं कारण कातडी त्याची स्वतःची होती, हात आणायचा म्हणजे दुसऱ्याचा आणावा लागला असता.

वरुड-शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि तो आरामात फुटते. झाडाच्या अंगात आपल्यासारख्या गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात नं. माणसाच्या असतात, आणि त्या प्रत्येक पेशीवरचा शिक्का तपासत फिरतात. हे नीट कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. ग्लासगोला एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची कातडी लावली, ती गळाली, त्याच भावाची परत लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळाली. म्हणजे शरीरानं लक्षात ठेवलं होतं! शास्त्रज्ञ पीटर मेदावर आणि सर्जन टॉमस गिब्सन यांनी १९४३ मध्ये हे मांडलं, मेदावरना पुढं १९६० चं नोबेल मिळालं. आणि तेव्हापासून डॉक्टर लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की किडनी एकवेळ जमेल, कातडी नाही, कारण कातडीत पहारेकरी पेशी ठासून भरलेल्या असतात. बाहेरच्या जगाशी पहिली गाठ तिचीच पडते.

१९५४ ला बोस्टनमध्ये सर्जन जोसेफ मरेनं किडनी बसवली ती पण हुबेहूब जुळ्या भावाची, म्हणजे भांडणच नाही. शिवणकामाचा तर प्रश्नच नव्हता, १९६२ ला त्याच बोस्टनमध्ये एका पोराचा तुटलेला स्वतःचा हात परत जोडला होता. मग १९६४ मध्ये इक्वाडोरला दुसऱ्याचा हात बसवून पाहिला, नसा-शिरा सगळं जुळलं, आणि दोनेक आठवड्यांतच तो कापून काढावा लागला. प्रतिकारशक्ती दाबणारी तेव्हाची औषधं तोकडी होती.

पुढं बुरशीतून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सापडलं, १९८४ ला जपानच्या मातीतल्या जंतूपासून तसंच दुसरं औषध, टॅक्रोलिमस, आलं, आणि मग धीर आला. १९९८ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात दुबेर्नार यांच्या टीमनं एका न्यूझीलंडच्या माणसाला हात बसवला. हात जगला पण माणसानं गोळ्या सोडल्या, हात आपला वाटतच नाही म्हणाला, आणि २००१ ला तो त्याच्याच सांगण्यावरून काढला. मला वाटते या सगळ्या गोष्टीत शिकण्यासारखं काही असेल तर ते इथंच आहे, किडनी दिसत नाही, हात रोज डोळ्यांसमोर असतो.

२००५ ला फ्रान्सच्याच आमियाँमध्ये कुत्र्यानं फाडलेल्या बाईला अर्धा चेहरा बसवला तेव्हा डॉक्टरांनी एक हुशारी केली. दात्याच्याच कातडीचा एक तुकडा तिच्या छातीखाली लावून ठेवला, म्हणजे तपासायला सॅम्पल तिथून घेता येईल, चेहऱ्यावर सारखं ब्लेड चालवायला नको. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं परका अवयव नाकारणं, आलंच, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मग पुन्हा काही महिन्यांनी, औषध वाढवून दोन्ही वेळा आवरलं. हात-चेहऱ्यावाल्या बहुतेकांना पहिल्या वर्षात असा झटका येतोच. लाल चट्टे, सूज, पुरळ, सगळं वरच दिसते, म्हणून लवकर पकडता येते. खरा त्रास देते ते हळूहळू चालणारं रिजेक्शन. आमियाँच्या त्या बाईच्या ओठांची हालचाल दहा वर्षांनी कमी झाली, आणि २०१६ मध्ये ती कॅन्सरनं गेली. पॅरिसमध्ये एकाला तर २०१० चा चेहरा काढून २०१८ मध्ये दुसरा बसवावा लागला, मधले दोनेक महिने तो चेहऱ्याशिवाय हॉस्पिटलात पडून होता.

भारतात हातांची सुरुवात जानेवारी २०१५ ला कोचीच्या अमृता हॉस्पिटलमध्ये झाली, २०२० मध्ये मुंबईत झालं. म्हणजे काकांना उत्तर असं, की बसवतात. पण किडनी नाही मिळाली तर डायलिसिसवर किती दिवस काढणार, हाताशिवाय माणूस जगते, आणि नुसत्या हातासाठी जन्मभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, म्हणजे इन्फेक्शन, शुगर, किडनीवर ताण, कॅन्सरची भीती, हे त्या पोरानं ठरवायचंय. वर दात्याचा रक्तगट, मापं, रंग जुळायला पाहिजे, आणि किडनी द्यायला तयार झालेलं घरसुद्धा हात मागितले की गप्प होते, कारण शेवटचं दर्शन असते नं.

काकांचा मोबाईल अजून रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला वाजतो, टॅक्रोलिमसची वेळ. त्या पोरानं हात बसवून घेतले तर त्याचाही वाजेल, फक्त गोळी घ्यायच्या आधी त्याला बाही वर करून पाहावं लागेल, पुरळ आलं का म्हणून.