मीटर केबलचे कवच आणि मीटर केबलचे सील: एक अडवते, दुसरे साक्ष ठेवते

भाड्याने फिरणाऱ्या गाडीचा मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये येतो आणि ड्रायव्हरला किलोमीटर मोजणाऱ्या मीटरची केबल काढता येणार नाही असे काहीतरी बसवून द्या म्हणून सांगतो, तेव्हा मिस्त्री बहुधा नटाजवळून पिळाची तार ओवतो, तिच्या टोकांवर शिशाची गोळी बसवून पकडीने दाबतो आणि काम झाले असे समजतो. मालकही समाधानाने परत जातो. प्रत्यक्षात त्याने मागितली होती एक वस्तू आणि त्याच्या पदरात पडली दुसरीच, कारण ती तार साध्या कटरने क्षणात तुटते आणि केबल पूर्वीइतक्याच सहजपणे हाती येते. केबलच्या जोडावर बसवायचे कवच आणि त्याच जोडावर लावायचे सील ही दोन साधने एकाच जागी बसतात आणि दोन्हींना सर्रास सीलच म्हटले जाते. त्यांची कामे मात्र निराळी आहेत.

आधी हा जोड कसा असतो ते पाहणे आवश्यक आहे. यांत्रिक मीटर असलेल्या चारचाकीत गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने, आणि बहुतेक जुन्या दुचाकींत पुढच्या चाकाच्या ड्रममधून, एक लवचीक केबल निघते. बाहेरचे आवरण स्थिर राहते आणि आतली अनेक पदरी पिळाची तार गरगर फिरते. तिची चौकोनी टोके एका बाजूला गिअरमध्ये आणि दुसऱ्या बाजूला मीटरमध्ये अडकलेली असतात. मीटरच्या आत ही तार एक चुंबक फिरवते, त्या चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या विरोधात थोडी वळते आणि काटा वेग दाखवतो. ही रचना जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली पेटंट केली होती. त्याच चुंबकाच्या दांड्यावरून छोट्या वर्म गिअरमार्फत, म्हणजे मळसूत्री आट्यांच्या गिअरमार्फत, आकड्यांची चाके पुढे सरकतात आणि एकूण किलोमीटर मोजले जातात. केबलचे आवरण मीटरला आणि गिअरबॉक्सला आट्यांच्या नटाने धरलेले असते, आणि हा नट मुद्दामच हाताने सैल करता यावा असा, कडेला खरखरीत खाचा पाडलेला बनवतात. केबल झिजणारी वस्तू आहे, ती अधूनमधून बदलावी लागते, म्हणून ही सोय ठेवलेली असते. आणि नेमकी तीच सोय लबाडीच्या उपयोगी पडते.

केबल काढण्यात स्वारस्य कोणाला असते, हे ठरल्याशिवाय कोणते साधन हवे हे ठरत नाही. किलोमीटरप्रमाणे भाडे आकारून चालवायला दिलेली गाडी घेणारा, आणि मालकाची गाडी परस्पर गगनबावड्याला फिरवून आणणारा ड्रायव्हर, या दोघांनाही आकडा कमी दिसायला हवा असतो. जुनी गाडी विकणाऱ्याला रनिंग कमी दाखवायचे असते, पण त्याला ते एकदाच साधायचे असते. रिक्षाच्या भाडेमीटरचे गणित याच्या नेमके उलट आहे: तेथे आकडा वाढला तर चालकाचा फायदा होतो, म्हणून केबल काढून टाकण्याची नव्हे, तर मीटर जलद पळवण्याची भीती असते. वाहनाचे अंतर मोजणारा मीटर आणि भाडे मोजणारा मीटर यांची सरमिसळ करून एकाच्या संरक्षणाचा उपाय दुसऱ्याला लावणारे लोक भेटतात, ते या कारणाने.

कमी आकडा दाखवण्याचे तीन मार्ग जुन्या मीटरांत होते. पहिला, केबलला ड्रिल लावून ती उलटी फिरवणे. बऱ्याच जुन्या मीटरांत असे केले की आकडे मागे जात, पण हा उद्योग ऐकायला जितका सोपा वाटतो तितका तो नव्हता. जुन्या अमेरिकी गाड्यांत केबलचे साधारण १००० फेरे झाले की एक मैल मोजला जाई. मिनिटाला २००० फेरे घेणारे ड्रिल लावले तरी १०,००० मैल मागे नेण्यास ८३ तासांहून अधिक वेळ लागतो. दुसरा मार्ग मीटर खोलून आकड्यांची चाके हाताने फिरवण्याचा. जुनी गाडी विकताना हाच वापरला जातो. तिसरा आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निघण्याआधी नट सैल करून केबल बाहेर ओढणे आणि परत आल्यावर पुन्हा बसवणे. त्या काळात काटाही शून्यावर पडून राहतो, पण पन्हाळ्याला जाऊन येणाऱ्या ड्रायव्हरला वेग पाहण्यासाठी काट्याची गरज नसते. या तिसऱ्या मार्गाचे वैशिष्ट्य असे की केबल काढणाऱ्याला ती पुन्हा जशीच्या तशी बसवायची असते, आणि हे पुढच्या महिन्यात पुन्हा करायचे असते.

कवचाची कल्पना याच गोष्टीवर उभी आहे. नटाभोवती आणि त्याच्या पुढच्या केबलच्या टोकाभोवती दोन अर्धगोल तुकडे मिळून एक नळी बनवतात. तिचा आतला व्यास नटापेक्षा किंचित मोठा ठेवतात, त्यामुळे बाहेरून कोणी ते पकडून पिळले तर कवचच नुसते गरगर फिरते, आतला नट जागचा हलत नाही. आणि कवचाची दोन्ही तोंडे आत वळवलेली असल्याने ते पुढेमागे सरकवूनही नटापर्यंत बोट किंवा पक्कड पोहोचत नाही. दोन तुकडे जोडण्यासाठी आत रुतणाऱ्या आणि बाहेरून न सुटणाऱ्या खिट्ट्या वापरतात, किंवा डोक्याची खाच एकाच दिशेने स्क्रूड्रायव्हरला धरेल असे स्क्रू, किंवा घट्ट झाल्यावर डोके तुटून जाईल असे बोल्ट. अधिकृत मिस्त्रीला केबल बदलायची असेल तर तो कवच फोडतो आणि नवीन बसवतो. फिरणारे कवच हा मला या सगळ्यातला सर्वांत चतुर भाग वाटतो, कारण ते बळाला बळाने विरोधच करत नाही. पकडणाऱ्याचे सगळे बळ ते निष्फळ फिरण्यात घालवते.

त्याच्या उणिवाही याच रचनेतून येतात. दिवसभर वेळ आणि हाती हॅक्सॉ असलेल्या माणसापुढे कोणतेही कवच टिकणार नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. गडबडीत, रस्त्याच्या कडेला, साध्या हत्यारांनी केबल काढणाऱ्याला अडवले तरी त्याचे काम झाले. खरी अडचण निराळी आहे. कवच फोडून त्याजागी तसेच दुसरे बसवले तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ज्या शहरात लेथवर असे दोन तुकडे कातून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, तेथे ही शंका केवळ सैद्धांतिक राहत नाही. फुटलेले कवच दिसते. बदललेले कवच दिसत नाही.

सीलचे काम नेमके येथून सुरू होते. पिळाची तार, तिच्यावर शिशाची गोळी आणि गोळीवर पकडीच्या साच्याने उमटवलेले चिन्ह. किंवा अलीकडे अनुक्रमांक छापलेले प्लॅस्टिकचे सील. यांपैकी कशातही अडवण्याची ताकद नाही, आणि ती असावी असे मानणे हीच मूळ चूक आहे. महानगरपालिका एखादे दुकान सील करते तेव्हा शटरला कुलूपही असते आणि कुलपावर कागद व लाखही असते. चोराला कुलूप थांबवते, आणि कोणी आत गेले होते का हे कागद सांगतो. सील तोडता येते, पण तेच सील पुन्हा लावता येत नाही, एवढ्याच एका गुणावर त्याची सारी किंमत अवलंबून आहे. चिन्हाचा साचा दुसऱ्याकडे नसणे किंवा अनुक्रमांक एकमेव असणे ही त्याची पहिली अट आहे. तो क्रमांक कुठेतरी लिहून ठेवलेला असणे आणि ठरावीक वेळी कोणीतरी तो प्रत्यक्ष पाहणे या उरलेल्या दोन अटी मात्र बहुतेक ठिकाणी पाळल्या जात नाहीत. नोंदवही नसलेले सील म्हणजे तारेला लटकलेले शिसे, त्याहून अधिक काही नाही.

कायद्याचा कल सीलकडे आहे आणि त्याला कारणही आहे. वैध मापन अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याखाली रिक्षा व टॅक्सीचे भाडेमीटर पडताळणी करून मुद्रांकित करावे लागतात. निरीक्षकाच्या मुद्रेचा अर्थ असा, की तपासणीच्या दिवशी हा मीटर बरोबर होता आणि त्यानंतर कोणी तो उघडलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील वेगनियंत्रकाविषयीचा ११८ वा नियम मुळात लिहिला गेला तेव्हाही अपेक्षा अशीच होती, की वेगनियंत्रकावर सरकारी सील असे असावे, जे तुटल्याशिवाय त्याला हात लावता येणार नाही. सरकारी यंत्रणा प्रत्येक गाडीजवळ उभी राहू शकत नाही. तिला तपासणीच्या वेळी पुरावा हवा असतो आणि पुराव्यावर कारवाई करायची असते. गाडीमालकाची गरज बरोबर उलटी असते. त्याला खटला चालवायचा नसतो, आजचे चाळीस किलोमीटर वाचवायचे असतात.

हा भेद केवळ मीटर केबलपुरता नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग भरून परदेशी जाणाऱ्या कंटेनरला जे सील लावतात, त्यांसाठी आयएसओ १७७१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात सीलांच्या तीन पातळ्या स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. सर्वांत खालची पातळी केवळ निदर्शक, म्हणजे कोणी उघडले हे दाखवणारी. सर्वांत वरची उच्च सुरक्षेची, ज्यात जाड बोल्टचे सील येते आणि जे तोडायला बोल्ट कटर लागतो. वरच्या पातळीवरही क्रमांक असतोच, कारण अडवणूक कितीही मजबूत असली तरी कधीतरी ती मोडणार, आणि तेव्हा ती मोडली हे कळले पाहिजे, असे गृहीत धरलेले आहे. फाउंड्रीतल्या निर्यात विभागात हे सर्वांना ठाऊक असते. त्याच फाउंड्रीच्या दारातल्या जीपच्या मीटरला मात्र क्रमांक नसलेली गोळी लटकत असते.

दोन्ही साधनांना सारखाच न दिसणारा एक प्रांत आहे. केबलला दोन टोके असतात. मीटरचे टोक डॅशबोर्डमागे हाताशी असते म्हणून सगळे लक्ष तिकडे जाते, आणि गाडीखालचे गिअरबॉक्सचे टोक चिखलात तसेच उघडे राहते. मीटरकडचे टोक कितीही जपले तरी खालून केबल सुटली की आकडा थांबतो. त्यापुढे, आवरण न सोडता आतली तारच तोडली तर कवचही शाबूत आणि सीलही शाबूत राहते, आणि ड्रायव्हर म्हणतो केबल तुटली. झिजून तुटणे हा केबलचा स्वभावच असल्यामुळे ते खोटे ठरवता येत नाही. पण या लबाडीत केबल परत जोडता येत नाही, नवी घ्यावी लागते, म्हणून ती वारंवार करणे परवडत नाही. टायरचा आकार बदलल्यानेही मोजणी बदलते: चाकाचा घेर पाच टक्के वाढला की मीटर साधारण तेवढेच कमी अंतर दाखवतो, आणि केबलला कोणाचे बोटही लागलेले नसते.

केबल जाऊन तिच्याजागी सेन्सर आणि वायर आल्यावर हा प्रश्न मिटला असे वाटू शकते, पण युरोपातल्या ट्रकांचा अनुभव वेगळा आहे. तेथे चालकाचे तास व वेग नोंदवणाऱ्या टॅकोग्राफच्या सेन्सरच्या जोडांना सील लावणे सक्तीचे आहे, आणि त्या सीलांच्या मजबुतीसाठी पुढे ईएन १६८८२ हे स्वतंत्र मानक करावे लागले. पण सील असूनही काही चालक सेन्सरजवळ बाहेरून चुंबक लावून मोजणी बंद पाडत आणि सील जसेच्या तसे राही. त्यामुळे २००९ च्या नियमबदलाने टॅकोग्राफला गतीची माहिती दुसऱ्या स्वतंत्र स्रोताकडूनही घेण्याचे बंधन आले, म्हणजे दोन आकडे जुळले नाहीत तर गडबड उघड व्हावी. डिजिटल मीटर असलेल्या आजच्या गाड्यांत तर आकडा चिपमध्ये साठवलेला असतो आणि तो संगणकाने बदलता येतो. त्यापुढे नटावरचे कवच आणि शिशाची गोळी दोन्ही निरुपयोगी आहेत.

म्हणून जुनी दुचाकी किंवा जीप विकत घेणाऱ्याने सील शाबूत आहे या एका गोष्टीवर विसंबू नये. मीटरच्या नटाच्या खाचांवर पकडीचे ओरखडे आहेत का, मीटरच्या काचेची कड उचकटल्यासारखी दिसते का, ब्रेक पेडलचे रबर आणि सर्व्हिसच्या पावत्या त्या आकड्याशी जुळतात का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. आकडा मागे नेऊन गाडी विकणे ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तिची तक्रार करता येते, पण त्यासाठी आधीच्या पावत्यांवरचे आकडेच कामी येतात.

स्वतःच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या मालकाला माझा सल्ला विचारला तर मी दोन्ही वापरा असे सरसकट सांगणार नाही. गाडी एकच असेल आणि ड्रायव्हर ठरलेला असेल, तर मीटरच्या टोकाला कवच पुरते, आणि टाकीत पडलेल्या डिझेलचा हिशेब रोजच्या आकड्याशी जुळवला की उरलेले कळते. गाड्या अनेक असतील आणि त्या वेगवेगळ्या हातांत जात असतील, तर कवचाच्या दोन तुकड्यांतून आरपार भोक पाडून त्यातूनच क्रमांकाचे सील ओवावे. मग कवच फोडून नवे बसवले तरी सीलचा क्रमांक बदललेला आढळतो. गिअरबॉक्सच्या टोकालाही क्रमांकाचे सील हवे. सीलची तार नटाच्या भोकातून आणि एखाद्या स्थिर ब्रॅकेटमधून आखूड व ताणून न्यावी. ती नुसती केबलभोवती गुंडाळली तर नट खुशाल सुटतो आणि सील तसेच राहते, ही चूक फार ठिकाणी दिसते.

केबल खरोखरच तुटेल तेव्हाची पद्धतही आधीच ठरवून ठेवावी लागते, कारण दुरुस्तीच्या नावाखालीच बहुतेक सील तुटतात. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ओडोमीटरशी, म्हणजे अंतर मोजणाऱ्या मीटरशी, छेडछाड बेकायदेशीर ठरवली. तेथे दुरुस्तीनंतर मूळ आकडा कायम ठेवता आला नाही, तर मीटर शून्यावर आणून दुरुस्तीची तारीख आणि आधीचा आकडा लिहिलेली पट्टी गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. आपल्याकडे तशी पट्टी लावण्याचा प्रघात नसला तरी गॅरेजच्या पावतीवर तुटलेल्या सीलचा क्रमांक, त्या वेळचा आकडा आणि नव्या सीलचा क्रमांक एवढे तीन तपशील लिहून घेता येतात, आणि तुटलेली केबल मिस्त्रीकडे न सोडता परत मागून घेता येते.