बेडूक हवा ओढत नाही, गिळतो

जोराचा पाऊस झाला त्या रात्री पुतणीला घेऊन हिप्परगा तलावाकडे गेलो होतो. अलीकडच्या शेतात पाणी साचलेलं आणि बेडकांचा नुसता गलका. बॅटरीच्या उजेडात एक पिवळाधमक नर सापडला, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. पुतणी म्हणाली, "काका, याचं तर तोंड बंद आहे! मग ओरडतंय कोण?"

प्रश्न बरोबर होता. तिच्या पुस्तकातला बेडूक आ वासून 'डराव' म्हणतो. खरा बेडूक तोंड आणि नाकपुड्या मिटून ओरडतो. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून फुग्यात जाते आणि तीच परत फुप्फुसात येते.

पण खरी गंमत श्वासाची. आपण बरगड्या आणि श्वासपटल हलवून छाती मोठी करतो, आतला दाब कमी होतो, हवा आपसूक आत येते. बेडकाला श्वासपटल नाही, छाती फुगवतील अशा बरगड्याही नाहीत. म्हणून तो तोंडाचाच भाता करतो. तोंड मिटलेलं, नाकपुड्या उघड्या. तोंडाचा तळ खाली जातो आणि ताजी हवा तोंडात भरते. मग घशातली फट उघडते, फुप्फुसातली जुनी हवा तोंडातल्या ताज्या हवेवरून नाकावाटे निघून जाते (थोडी सरमिसळ होतेच). आता नाकपुड्या बंद, तळ वर, आणि तोंडातली हवा फुप्फुसात ढकलली जाते. फट मिटते. झाला एक श्वास. बसलेल्या बेडकाचा गळा सतत थरथरताना दिसतो, पण तो प्रत्येक हेलकावा म्हणजे श्वास नव्हे. बहुतेक वेळा तोंडातली हवा नुसती बदलत असते, मध्येच एखादा जोरकस धक्का फुप्फुसापर्यंत पोचतो. असे धक्के लागोपाठ दिले आणि हवा सोडलीच नाही, की बेडूक टम्म फुगतो. साप समोर आला की हेच करतो. बैल व्हायला निघालेल्या बेडकीच्या गोष्टीत एवढं शास्त्र आहे.

याचा अर्थ, तोंड उघडं धरलं तर बेडकाला फुप्फुसात हवा भरता येत नाही. जेवणही झटपट. जीभ पुढच्या बाजूला जोडलेली, टोक घशाकडे; ती उलटून बाहेर पडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत किडा आत. लाळ आदळताना पातळ होऊन किड्याच्या फटींत शिरते, मग घट्ट होते. गिळताना बेडूक डोळे मिटतो, ते चव लागली म्हणून नव्हे. डोळे खाली तोंडात उतरून घास घशाकडे रेटतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2004 साली डोळे आत ओढणारे स्नायू निकामी करून पाहिले; बेडकांना रातकिडा गिळता आला, पण जास्त वेळा आवंढे गिळावे लागले.

आपल्याकडे पाऊस लांबला की पाऊस मागायला धोंडी निघते, कडुलिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून. बेडूक ओल्या कातडीनेही श्वास घेतो, पाणीही कातडीनेच पितो. भर उन्हात ती कातडी सुकवायची आणि गळ्यालाच दोरा आवळायचा, म्हणजे दोन्ही वाटा बंद. शिवाय बेडूक पाऊस आणत नाही, पाऊस बेडकाला बाहेर आणतो.

घरी येऊन पुतणीने ओठ मिटले, नाक चिमटीत धरलं आणि डराव करून पाहिलं. गाल फुगले, बारीकसा हुंकार निघाला आणि थांबला. "काका, माझ्याकडे फुगा नाही," ती म्हणाली.