आंबेनळी घाटाच्या कातळात दडलेली नोंद

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट चढताना कातळ कायम सोबतीला असतो. काळाभोर, कुठे टणक, कुठे भोकाभोकांचा आणि मधूनच लाल मातीचा पट्टा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगड एकच आहे असं कुणालाही वाटेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचं पठार उभं राहिलं, हे भूवैज्ञानिकांना ठाऊक होतं. अडचण वेगळीच होती. या डोंगरातला थर पुढच्या डोंगरात नेमका कुठे सापडतो, हे काळ्या दगडावरच्या काळ्या दगडाकडे पाहून ओळखायचं कसं?

उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या भूवैज्ञानिकांनी १९८५ साली महाबळेश्वरच्या थरांचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि इतरांच्या कामातून पश्चिम घाटाच्या थरांची सलग मांडणी तयार झाली. तिच्यातले तीन गट याच घाटाच्या परिसरावरून ओळखले जातात: खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी आणि वर महाबळेश्वर.

दगडाची पूड करून तिच्यातली मूलद्रव्यं मोजली, तर सिलिका जवळपास सगळीकडे ५० टक्क्यांच्या आगेमागे निघते. तिच्यावरून फारसं काही कळत नाही. खरी ओळख पटते ती अत्यल्प प्रमाणात असलेल्या बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम अशा मूलद्रव्यांवरून. त्यातही स्ट्रॉन्शियमचं काम मला सर्वांत देखणं वाटतं. रुबिडियम-८७ हे किरणोत्सारी समस्थानिक अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलत जातं. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षांचा आहे. खंडांच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, त्यामुळे अब्जावधी वर्षांत तिथे स्ट्रॉन्शियम-८७ साठत गेलं. कवचाखालच्या प्रावरणात रुबिडियम फारच कमी. म्हणून लाव्हामधल्या स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांच्या गुणोत्तरावरून तो शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, वर येताना वाटेतलं किती कवच पोटात घेऊन आला, ते समजतं.

आंबेनळी गटात हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे, म्हणजे शिलारस कवचाचा फारसा स्पर्श न होता वर आला. त्याच्या खालच्या पोलादपूर गटात ते वाढलेलं दिसतं. त्याही खाली बुशे नावाचा गट आहे. तिथे ते ०.७१३ च्या वर जातं. दिसायला सारखाच असलेला हा काळा दगड आपल्यात जुन्या कवचाचा बराच अंश बाळगून आहे.

बुशेच्या दगडांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती अपेक्षेच्या उलट होती. शिलारस भूगर्भातल्या कोठीत थांबून निवत जातो तेव्हा ऑलिव्हीनसारखी खनिजं आधी स्फटिक होऊन वेगळी होतात आणि उरलेल्या रसातलं मॅग्नेशियम घटतं. जो रस जास्त वेळ थांबला त्यात मॅग्नेशियम कमी आणि कवचाची भेसळ जास्त, असं सहज वाटेल. बुशेमध्ये मात्र मॅग्नेशियम जास्त असलेल्या लाव्हांतच भेसळ अधिक आढळली. यावर कॉलिन डेव्ही आणि कॉक्स यांनी १९८७ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं: मॅग्नेशियम जास्त म्हणजे रस अधिक तापलेला, आणि अधिक तापलेला रस वाटेतल्या भिंती अधिक वितळवतो. भेसळ किती होणार हे केवळ मुक्कामाच्या लांबीवर नव्हे, तर उष्णतेवर ठरलं.

कोठीतल्या मुक्कामाचा पुरावा मात्र नुसत्या डोळ्यांनीही पाहता येतो. सह्याद्रीच्या खालच्या भागातल्या काही थरांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक काळ्या दगडात रुतलेले असतात. लाव्हा पृष्ठभागावर येऊन निवताना इतके मोठे स्फटिक वाढत नाहीत. ते खोल कोठीतच वाढले आणि रसाबरोबर वर फेकले गेले.

आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी अशाच काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा, एक एकटा तुकडा आहे. पठाराच्या आजच्या कडेपासून तो कितीतरी दूर पडतो, महाबळेश्वरहून तर ८०० किलोमीटरांपेक्षाही लांब. त्याचं रसायन आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळतं. तिथेच वेगळा उद्रेक झाला असता, तर रसायन इतकं तंतोतंत जुळण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की पश्चिमेकडचा लाव्हाच प्राचीन नदीखोऱ्यांतून वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत पोचला. पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.