ऑटोलिंकिंग

साध्या मजकुरात आलेले वेबपत्ते, हॅशटॅग आणि @ लावून केलेले उल्लेख प्रोग्रामने स्वतः ओळखायचे आणि त्यांच्या जागी क्लिक होणारे दुवे तयार करायचे, या कामाला ऑटोलिंकिंग म्हणतात. फेसबुक, एक्स (पूर्वीचे ट्विटर), मास्टोडॉन किंवा ब्लूस्काय वापरणारा माणूस नुसती अक्षरे टाइप करतो. त्यातला कोणता भाग निळा होणार, हे कोड ठरवतो. दुवा बनवण्याचे काम दोन ओळींत होते. कठीण असते ते दुवा कुठे संपतो हे ठरवणे, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांना त्याची झळ रोमन लिपीत लिहिणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त बसते.

वेबपत्त्याचा शेवट

वेबपत्त्याची सुरुवात सहसा ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ने होते, त्यामुळे ती सापडते. शेवटाला मात्र अशी कोणतीच खूण नसते. वाक्याच्या अखेरीस पत्ता आला की पुढचा पूर्णविराम पत्त्याचा की वाक्याचा, हे त्या चिन्हावरून कळत नाही, कारण पत्त्यातही टिंब चालते. वेबपत्त्यांची रचना ठरवणाऱ्या आरएफसी ३९८६ या जानेवारी २००५ च्या दस्तऐवजाला ही अडचण ठाऊक होती. पत्ता मजकुरात लिहिताना कोनी कंसात घालावा, असा सल्ला त्याच्या परिशिष्टात आहे. पण मित्राला लिंक पाठवताना कोनी कंस कोण टाइप करणार? त्यामुळे ती जबाबदारी कोड लिहिणाऱ्यावर येऊन पडली.

रुळलेला तोडगा असा: मोकळी जागा येईपर्यंत सगळे पत्त्यात धरायचे, मग शेवटून मागे येत पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह गाळायचे. कंसासाठी निराळा हिशेब लागतो. विकिपीडियाच्या कित्येक लेखांचे पत्ते कंसाने संपतात, म्हणून शेवटचा कंस सरसकट कापला तर दुवा मोडतो. उलट अख्खा पत्ताच कोणी कंसात लिहिला असेल, तर तो कंस गाळायलाच हवा. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीत, यासाठी उघडणारे आणि मिटणारे कंस मोजतात आणि मिटणारे जास्त भरले तर तेवढेच सोडून देतात. मोजणीचा हा नियम साधा आहे आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

‘एचटीटीपी’ न लिहिलेले पत्तेही ओळखायचे ठरवले की गुंता वाढतो. अशा वेळी टिंबानंतरचा भाग खरोखरीचे डोमेन आहे का, एवढेच पाहता येते. रोमन लिपीत मराठी टाइप करणारे पूर्णविरामानंतर बऱ्याचदा मोकळी जागा सोडत नाहीत. आता ‘टीओ’ हे टोंगाचे डोमेन आहे, ‘एनए’ नामिबियाचे, ‘जीए’ गॅबनचे, ‘आरई’ रीयुनियन बेटाचे, ‘डीई’ जर्मनीचे आणि ‘वायई’ येमेनचे. म्हणजे रोमन अक्षरांतले तो, ना, गा, रे, दे, ये हे मराठीतले रोजचे शब्द म्हणजे एकेका देशाचे किंवा बेटाचे डोमेन! टिंबाला चिकटून ते आले की ढिल्या नियमांचा कोड तिथे दुवा उभा करतो. २०२३ मध्ये गूगलने ‘झिप’ हे डोमेन सर्वांसाठी खुले केल्यावर साध्या फाइलींची नावेही अशीच दुवे होऊ लागली. याच्या उलट तऱ्हा ‘.भारत’ची. हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मराठी व कोकणी धरून आठ भाषांसाठी आहे. पण पत्त्यात फक्त रोमन अक्षरे असतात असे धरून चालणाऱ्या जुन्या कोडला ‘उदाहरण.भारत’ हा पत्ता वाटतच नाही.

हॅशटॅग आणि काना-मात्रा

एखाद्या विषयावरच्या पोस्ट एकत्र आणण्यासाठी # वापरावे, ही सूचना क्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर केली. तेव्हा ती नुसती लिहिण्याची पद्धत होती. जुलै २००९ मध्ये ट्विटरने हॅशटॅगचे दुवे करायला सुरुवात केली आणि तिथून # नंतरचा शब्द कुठे संपतो हा कोडचा प्रश्न झाला.

हे काम बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे बोलीभाषेत रेजेक्सने करतात; मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याची ती सांकेतिक भाषा आहे. त्यात ‘शब्दातले अक्षर’ या अर्थाचे एक तयार चिन्ह असते. जावास्क्रिप्टमध्ये त्या चिन्हात फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा बसतात. देवनागरीचे एकही अक्षर त्यात नाही. पायथनच्या अंगभूत ‘आरई’ मॉड्यूलची गोष्ट अधिक फसवी आहे. त्याला ‘म’ आणि ‘र’ ही अक्षरे वाटतात, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘जोडचिन्हे’ असल्याने अक्षरे वाटत नाहीत. परिणामी ‘#मराठी’ मधून ‘#मर’ एवढाच दुवा होतो आणि ‘ाठी’ बाहेर लोंबत राहते. ‘#महाराष्ट्र’चे ‘#मह’ होते, ‘#पुणे’चे ‘#प’. ‘#नगर’ आणि ‘#मदत’ यांना मात्र धक्का लागत नाही, कारण त्यांत काना-मात्राच नाही. चाचणीसाठी नेमका असा शब्द घेतला तर कोड निर्दोष वाटतो. बाराखडी गिरवलेल्या कोणालाही ठाऊक असते की ‘पु’ हे एक अक्षर आहे. यंत्राला ते मुद्दाम सांगावे लागते. सांगायचेही थोडेच असते: अक्षरांच्या वर्गासोबत जोडचिन्हांचा वर्गही घ्या. जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या आवृत्तीपासून हे युनिकोड वर्ग रेजेक्समध्ये थेट लिहिता येतात.

एवढ्याने सगळे मिटत नाही. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यावर हलन्त असतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणारे एक शून्य-रुंदीचे अदृश्य चिन्ह असते. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, पण हे अदृश्य चिन्ह अक्षरांतही मोडत नाही आणि जोडचिन्हांतही नाही, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचा हॅशटॅग मध्येच तुटतो. तुटला नाही तरी यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द ठरतो, आणि एकाच विषयाचे दोन गठ्ठे पडतात.

तिसरी अडचण मराठीच्या व्याकरणातून येते. ‘पुणे’ला विभक्ती लागली की ‘पुण्यात’, ‘पुण्याचा’, ‘पुण्याहून’ होते, ‘नाशिक’चे ‘नाशकात’ होते. वाक्यात सहज बसणारा ‘#पुण्यात’ हा हॅशटॅग ‘#पुणे’च्या पानावर पोचत नाही. म्हणून मराठी लिहिणाऱ्यांना हॅशटॅग पोस्टच्या शेवटी वेगळे मांडावे लागतात, किंवा ‘#पुणे मध्ये’ असे प्रत्यय तोडून लिहावे लागते. भाषेच्या अंगाने पाहिले तर दुसरा मार्ग सदोष आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या अज्ञानातून आलेला नाही. सामान्यरूप न कळणाऱ्या कोडशी केलेली ती तडजोड आहे.

जागा मोजणे

काही व्यासपीठांवर दुवा कुठून कुठपर्यंत आहे हे आकड्यांत कळवावे लागते. ब्लूस्कायवर पोस्टचा मजकूर साधाच राहतो आणि त्यासोबत ‘फॅसेट’ नावाची नोंद जाते. तिच्यात दुव्याची सुरुवात आणि शेवट यूटीएफ-८ या, युनिकोडची चिन्हे साठवण्याच्या पद्धतीच्या, बाइटमध्ये असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर # आणि मोकळी जागा प्रत्येकी एक. जावास्क्रिप्ट मात्र यूटीएफ-१६ च्या एककांत मोजते आणि तिथे ही सगळी चिन्हे एकेकच धरली जातात.

‘आज #पुणे चिंब’ हा मजकूर घ्या. जावास्क्रिप्टच्या मोजणीत # तिसऱ्या स्थानावर आहे (मोजणी शून्यापासून) आणि हॅशटॅग आठाला संपतो. बाइटमध्ये तोच हॅशटॅग सातवर सुरू होऊन वीसला संपतो. कोडने ३ आणि ८ हेच आकडे पाठवले तर निळा होतो तो ‘ज #’ एवढा तुकडा. इंग्रजी मजकुरात दोन्ही मोजण्या जुळतात, त्यामुळे ही चूक इंग्रजी चाचणीत कधीच सापडत नाही.

सुरक्षितता

दुवा बनवताना लोकांनी लिहिलेला मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, शिरतो, म्हणून इथली चूक महागात पडते. २१ सप्टेंबर २०१० रोजी ट्विटरच्या संकेतस्थळावर @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह असलेले पत्ते पसरले. ते अवतरणचिन्ह जसेच्या तसे पानात गेल्याने दुव्याचा पत्ता तिथेच मिटायचा आणि उरलेला भाग ब्राउझर आज्ञा म्हणून पाळायचा. अशा पोस्टवरून नुसता माउस फिरवला, तरी ती वाचणाऱ्याच्या नावाने पुढे जायची.

यावर ‘आधी सगळा मजकूर एस्केप करा, मग दुवे शोधा’ असा सल्ला सर्रास दिला जातो; एस्केप करणे म्हणजे एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेल्या चिन्हांच्या जागी निरुपद्रवी संकेत घालणे. तो अपुरा आहे. एस्केप केलेले अवतरणचिन्ह स्वतःच पाच-सहा अक्षरांचे होते आणि शेजारच्या पत्त्याला चिकटून बसते. आधी मूळ मजकुराचे तुकडे पाडावेत, मग प्रत्येक तुकडा आपापल्या जागी एस्केप करावा आणि ‘एचटीटीपी’ व ‘एचटीटीपीएस’ सोडून कोणत्याही पद्धतीचा दुवा होऊ देऊ नये. तुकडे एकाच फेरीत पाडलेले बरे. पत्ते, हॅशटॅग आणि उल्लेख तीन फेऱ्यांत बदलले तर पत्त्यातल्या # चा पुन्हा हॅशटॅग होतो आणि ईमेलमधल्या @ चा उल्लेख.

चाचणी

ट्विटरने आपली ‘ट्विटर-टेक्स्ट’ लायब्ररी खुली केली, तेव्हा निरनिराळ्या प्रोग्रामिंग भाषांतल्या आवृत्त्यांनी एकच उत्तर द्यावे म्हणून नमुना-मजकुरांचा एक सामाईक संचही ठेवला. मराठीसाठी असा संच करायचा तर त्यात ‘#मदत’ एकटा पुरत नाही. ‘#पुणे’, ‘#महाराष्ट्र’, दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेला ‘#दऱ्याखोऱ्या’, अदृश्य चिन्हाने जोडाक्षर फोडलेला ‘#वाङ्‌मय’, पूर्णविरामाला टेकलेला पत्ता आणि ‘.भारत’मधला एखादा पत्ता, एवढे तरी हवेतच.